गल्ली अकरा, प्लॉट चार

नगरपालिकेने मला एक टेप दिलाय, पिवळा, पाच मीटरचा,
आणि एक छापील फॉर्म.
पोर्तोच्या या टेकडीवर मेलेल्यांनाही
घर-क्रमांक असतात, पायऱ्या असतात,
दाराला कुलूप.
नाव: केंतेला कुटुंब.

रुंदी दोन मीटर दहा. खोली तीन चाळीस.
जोतं इथल्याच काळ्या ग्रॅनाइटचं,
दीडशे वर्षांत तसूभर हललेलं नाही.
वरचं काम मात्र मऊ चुनखडीत.
ब्राझीलहून साखरेचा पैसा घेऊन परतलेल्या माणसाला
घाई असते,
आणि मऊ दगड लवकर कोरून होतो.
दोन्ही खांबांना दगडी दोरखंडाचा पीळ,
जणू हे सगळं धक्क्याला बांधून ठेवलंय.
कमानीला टोक, टोकावर फूल.
पावसाने चाटून चाटून
फुलाची आता मूठ झालीय.
देवदूताला नाक नाही.
लिहिलं: हानी, किरकोळ.

दाराच्या लोखंडी वेलबुट्टीतून आत बघावं
तर काचेमागे पडदा.
क्रोशाचा. पांढरा.
इतका पांढरा, की काचेवर टेकलेलं बोट
मी मागे घेतलं.
फॉर्ममध्ये पडद्याचा रकाना नाही.

किल्ली एर्मेलिंदाकडे, दरवान म्हणाला.
ती साडेदहाला आली, प्लास्टिकची बादली घेऊन.
“नोटीस लावणारे तुम्हीच?”
हो म्हटलं. साठ दिवसांत वारस आला नाही, तर...
“येत नाहीत ते,” म्हणाली,
आणि कुलपात तेलाचे दोन थेंब सोडले.

आत दोन्ही भिंतींना चार-चार संगमरवरी फळ्या,
बोटीच्या पोटात खलाशांना असतात तशा.
पाच भरलेल्या. तीन रिकाम्या,
घरच्यांनी रुमाल टाकून धरून ठेवलेल्या जागा.
छत निळं, त्यावर सोनेरी चांदण्या.
एक चांदणी निसटून
थोरल्या केंतेलाच्या पेटीवर पडलीय.
तळाशी, गुडघ्याच्याही खाली,
भिंतीला तीन गोल भोकं.
आराखडा काढणाऱ्याला ठाऊक होतं,
मेलेल्यांनाही हवा लागते,
नाहीतर शिसं फुगतं.
(या भोकांची मापं मी दोनदा घेतली. गरज नव्हती.)

ती स्टुलावर चढून पडदा काढत होती.
किती वेळा धुता?
“ईस्टरला. नोव्हेंबर लागायच्या आधी.
आणि धूळ दिसली की.”
पैसे?
“शहाऐंशी सालापासून कुणी दिले नाहीत.”
पुढचा प्रश्न मी विचारला नाही. टेप गुंडाळत राहिलो.
तिनेच पडदा उजेडाला धरला.
खालच्या कोपऱ्यात, द्राक्षवेलीत,
एक टाका उलटा.
“आईच्या हातचा. तेवढ्यात म्हणे
मी पोटातून लाथ मारली.”

आई कुठे आहे?
“त्या भिंतीपाशी होती, पाच वर्षांच्या जमिनीत.
मग खणून काढतात. हाडं पेटीत, पेटीला नंबर.
पेटीचं भाडं दोन वर्षं भरलं.
मग भावाची नोकरी गेली.”
एवढं बोलून ती नळाकडे गेली.

पडद्याविना उन्हाला आडकाठी राहिली नाही.
ते फळ्यांवर चढलं,
आणि पाचही केंतेला
पाहुणे लवकर आल्यासारखे
अवघडून पडून राहिले.

मी पायरीवर बसून फॉर्म भरला.
छत: गळत नाही. बिजागऱ्या: ठीक.
वारस: रेघ.
वापरात आहे की नाही, यापैकी एकावर खूण करा.
खाली दोउरुवर एका बोटीचा भोंगा झाला.
पेन हातातच होतं.

“अहो,” ती नळावरून म्हणाली,
“एक टोक धरा. हलक्या हाताने, जुना आहे.”
धरलं.
ती उजवीकडे वळवत गेली, मी डावीकडे,
आणि आमच्या दोघांमध्ये हळूहळू
खांबावरचाच तो पीळ तयार झाला,
ओला,
आणि त्यातलं निळीचं पाणी
ग्रॅनाइटवर ठिबकत राहिलं.