बस झोपली नाही

माझं स्पॅनिश हवानाचं.
म्हणजे हवाना मी पाहिलेलं नाही,
पुण्यात ज्या बाईंनी शिकवलं त्या तिथे चार वर्षं होत्या,
म्हणून माझ्याही तोंडात थोडा समुद्र,
थोडा तंबाखू,
आणि शब्दाच्या शेवटचा स गिळायची खोड.

एवढ्या भांडवलावर मी जानोरीच्या वायनरीत दुभाषी लागले.
एकीकडे एउलोहियो सेपुल्वेदा, चिलीचा,
वेलीला हात लावण्याआधी तो पँटला पुसणारा.
दुसरीकडे बागेचे सुपरवायझर रंगनाथ गांगुर्डे.
मध्ये मी, वही घेऊन.

पहिल्याच दिवशी साहेब तासभर उशिरा.
म्हणाला, ताको होता.
माझ्या वहीत ताको म्हणजे खायचा पदार्थ, मेक्सिकोकडचा.
सांगितलं, साहेब खात बसले होते.
रंगनाथ म्हणाले, खाऊ द्या, पाहुणा माणूस.
दुपारी कळलं, त्याच्या देशात ताको म्हणजे ट्रॅफिक जॅम.
द्वारका चौक.
बिचारा उपाशीच आला होता.

मग एका सकाळी, गॉगल न काढता,
म्हणाला, आज माझ्याबरोबर कान्या आहे.
हवानात कान्या म्हणजे ऊस.
'ऊस?' रंगनाथ म्हणाले, 'निफाडचा का?'
आणि गाडीची डिकी उघडून बघून आले.
ऊस नव्हता.
रात्रीची उतरली नव्हती, एवढंच.

हसू नका. आपलंही तेच.
घडाखाली तळहात धरून रंगनाथ म्हणाले,
'माल बघा मॅडम, एक नंबर,'
तर माझी मान आपोआप आखडली.
कॉलेज रोडला वाढलेय मी.
तिथल्या कट्ट्यांवरून हा शब्द पाठीमागून येतो
आणि आपण चालायचा वेग वाढवतो,
वळून बघत नाही.
इथे तो चार महिन्यांच्या फवारणीचा होता,
पारा उतरला की पहाटे तीनला
बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या माणसाचा.
तो नुसता ऐकून घ्यायला मला एक हंगाम लागला.
एउलोहियोनं विचारलं, काय म्हणाले?
मी म्हटलं, द्राक्षं.

आणि ती दुपार.
डबा तसाच, हातात फोन, डोळे लाल.
म्हणाला, माझी ग्वाग्वा रात्रभर झोपली नाही.
ग्वाग्वा मला पक्का येत होता, पहिल्या धड्यातला.
मी ठणठणीत आवाजात सांगितलं,
'त्यांची बस रात्रभर झोपली नाही.'

रंगनाथ हसले नाहीत.
थोडा विचार करून म्हणाले,
'डेपोत लावा म्हणावं. स्टँडवर कशी झोपंल?'

मग त्यानं फोन पुढे केला.
पांढरं टोपडं, मुठी आवळलेल्या,
सहा महिन्यांची असेल.
चिलीत ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ.
रंगनाथांनी उपरण्याला हात पुसले,
फोन कडेनं धरला, जसा घड धरतात,
मण्यांवरची लव पुसली जाऊ नये म्हणून,
आणि बराच वेळ बघत राहिले.
स्वतःच्या हिरडीवर बोट ठेवून म्हणाले, 'दात.'
'दिएन्तेस,' तो म्हणाला. मान हलवली.
मी वही मिटली.

मार्चमध्ये माल निघाला, तोही गेला.
पुढच्या बागेला दुसरा कोणी, फ्रेंच,
माझं काम संपलं.

परवा रंगनाथांचा फोन.
'मॅडम, आमच्याकडं बस आली.'
'कधी?'
'पहाटं, साडेचारला. पावणेतीन किलो.'
मागे कोणीतरी विचारत होतं, कोणती बस,
आणि ते फोनवर हात ठेवून त्याला समजावत होते,
चिलीचा शब्द आहे, आपल्याकडं सगळे म्हणतात.

मी विचारलं, 'झोपते का?'

'कुठलं काय,' ते म्हणाले,
'रात्रभर हॉर्न.'