दंडाची पाळी

सांगलीच्या मार्केट यार्डात पस्तीस वर्षं
पोत्यात नळी खुपसून नमुना काढला मी.
टोकदार पितळी नळी, तिरकी धरायची,
मनगट जरा फिरवायचं
की तळहातावर मूठभर शाळू, कधी हरभरा.
एका पोत्याला एकदाच. दुसऱ्यांदा टोचायचं झालं
तर पहिल्या भोकापासून चार बोटं सोडून,
नाहीतर ताग उसवतो, हमाल शिव्या घालतात.

हे सगळं ठाऊक असून
स्वतःच्या पोटाला मी
वर्षभर एकाच जागी टोचत आलो:
बेंबीच्या डावीकडं, सदऱ्याचं शेवटचं बटण येतं तिथं.
तिथं दुखायचं नाही.
हात आपोआप जायचा,
अंधारात दिव्याच्या बटणाकडं जातो तसा.

मिरजेला सलोमी सिस्टरनं
कॉटवर आडवं केलं, बोटं फिरवली,
थांबली.
माझीच बोटं धरून तिथं नेली.
कातडीखाली सुपारीएवढं काहीतरी, मुकं.
"म्हणून तुमची शुगर कधी तीनशे, कधी साठ.
दुखत नाही म्हणून तीच धरली होय?
दमलीय ती जागा, काका. सोडा तिला आता काही महिने."

मग निळ्या पेनानं पोटावर चौकटी आखल्या,
बेंबीभोवती दोन बोटं मोकळी,
अपेंडिक्सचा व्रण वगळून.
मांडी पुढून, बाहेरच्या अंगानं.
लगेच चालायला निघणार असाल तर मांडी नको.
आणि दंड, मागच्या बाजूला, जिथं चिमटीत मांस येतं.
"मागं माझा हात कसा पुरणार?"
सिस्टरनं उत्तर दिलं नाही,
दाराकडं बघितलं.
दाराशी अक्काताई उभी होती,
माझी चप्पल हातात धरून.

लग्नाला एकेचाळीस वर्षं.
उजेडात एकमेकांचं अंग बघायची
आमच्यात रीत नव्हती.
आता सकाळी सव्वासातला, चष्मा लावून,
ती माझा दंड चिमटीत धरते
भुईमुगाची शेंग फोडताना धरावी तसा,
सुई आत ठेवून दहा आकडे मोजते.
सातावर कुकरची शिट्टी झाली तरी
आठ, नऊ, दहा.
"हितं काय लागलेलं?" परवा विचारलं.
हमालाचा हूक, लग्नाआधीचा.
मलासुद्धा आठवावा लागला.

कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी तिचं अक्षर:
पो. डा., पो. उ., मां., दं.
गुरुवारी दंड.

आज गुरुवार,
आणि ती कालपासून कुपवाडला, भाचीच्या बाळंतपणाला.
पेन आधीच बाहेर काढून ठेवलं, गार असलं की झोंबतं.
आरशापुढं उभा राहिलो.
चिमटी धरायची तर टोचायला हात उरत नाही.
भिंतीला दंड टेकवून बघितला,
कपाटाच्या कडेला बघितला.
मग खुर्चीत बसून मांडीवर घेतलं,
फिरायला गेलो नाही.

कॅलेंडरवरचं 'दं.' मात्र खोडलं नाही.
बाण काढून
उद्याच्या चौकोनात ढकललं.