गोल आकडे

कोत्का बंदरातल्या पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कंपनीनं
मला बोलावलं ते एक पडदा बनवायला.
संचालकांच्या खोलीतला, भिंतभर काचेचा,
ज्यावर धंद्याची तब्येत
हिरव्या, पिवळ्या, लाल ठिपक्यांत दिसेल.

ताक्कुनेन साहेब म्हणाले,
"संकट मला आधी कळायला हवं,
आणि एका नजरेत.
सकाळची कॉफी संपेपर्यंतच वेळ असतो माझ्याकडे."

बर्फ तडकण्याआधीचा आवाज वगैरे
इथे प्रत्येक सादरीकरणात असतो.
मी तो घातला नाही.

तीन आठवडे आकडे गोळा केले.
विक्री, साठा, कर्ज, यंत्रं बंद पडलेले तास.
सगळे खरे होते,
आणि सगळे वरातीमागून निघालेली घोडी,
ओळीनं, नीट सजवलेली.

मग पडदा तसाच ठेवून जिना उतरले.

गोदामात ओइवा.
"लाहतीच्या बिस्किटवाल्यांचा ड्रायव्हर," तो म्हणाला,
"खोक्याचा एक कोपरा चेपला तरी भांडायचा.
फेब्रुवारीपासून भांडत नाही."
"मग बरंच झालं की."
"हूं," ओइवा म्हणाला.
या गावात त्या 'हूं'चे अकरा अर्थ होतात.
मला तेव्हा दोनच येत होते.

तिसऱ्या मजल्यावर रायली ह्युत्तिनेन.
एकतीस वर्षं येणी बघते,
खिडकीत जिरेनियम, खणात पेन्सिलीनं भरलेली वही.
"हे बघ. हे लोक बिलाबरहुकूम द्यायचे.
एक्केचाळीस हजार तीनशे शहाऐंशी युरो, वर वीस सेंट.
आता चाळीस हजार.
मग पंधरा.
मग पुन्हा पंधरा.
गोल."

"पण थकबाकी तर मुदतीतच आहे."
"आहे ना. म्हणून तुझ्या पडद्यावर ते हिरवे.
ज्याच्याकडे पैसे असतात तो बिल बघून देतो.
ज्याच्याकडे नसतात तो खिसा बघून देतो."

या देशात पाली नाहीत.
तरी रायलीच्या मनात काहीतरी चुकचुकलं होतं,
आणि तिनं त्याची तारीख लिहून ठेवली होती.

"वर सांगितलंस?"
"कुणी विचारलं नाही.
फॉर्मात तसा रकानाच नाही."

त्या रात्री मी चौथा रंग घातला. राखाडी.
अर्थ: अजून काही झालेलं नाही, पण विचारा.
कुठल्याही जुन्या गिऱ्हाइकाच्या रकमेला
अचानक तीन शून्यं फुटली की तो उगवणार,
आणि ठिपक्याखाली टक्केवारी नाही, आलेख नाही,
फक्त एक नाव आणि आतला फोन नंबर.

"राखाडी म्हणजे चांगलं की वाईट?"
"माहीत नाही."
"माहीत नसलेलं दाखवायचे पैसे देतोय मी तुला?"
"हो."
टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी खोकलं.
एक महिना ठेवू, असं ठरलं,
तेही बैठक लांबत होती म्हणून.

पहिला राखाडी ठिपका खोटा निघाला.
मिक्केलीच्या एका दुकानात नवा हिशेबनीस आला होता,
त्याला शून्यं आवडायची, एवढंच.
साहेब दोन दिवस तेच सांगत फिरले.

दुसरा लाहतीचा.
मंगळवार, सकाळचे आठ दहा,
बाहेर अजून धड उजाडलेलं नाही.
ते पडद्यासमोर उभे होते,
कॉफी संपली होती, तरी कप हातात.
मी दाराशी माझी केबल गुंडाळत होते,
गरजेपेक्षा सावकाश.

तिसऱ्या मजल्यावर फोन वाजला.
वरून आलेला, तिच्या नावानं, एकतीस वर्षांतला पहिला.
रायली नंतर म्हणाली, मला वाटलं
माझ्याच हातून काही चुकलं.

तीनदा वाजू दिला तिनं.
आधी पेन्सिल शोधली.