प्रश्न चौथा, दहा गुण

"या निर्मितीतून तुम्ही काय शिकलात?"
खाली बारा रेघा.
संपल्या तर पुरवणी मागावी, असं छापलंय.

सर, आर अँड बी म्हणजे काय
हे आम्हाला नीट ठाऊक नव्हतं.
तक्षक म्हणाला, जे गाणं घाईत नसतं ते.
ठोका यायचा तिथे जरासा उशिरा येतो,
लग्नात नवरदेवाचा मामा येतो तसा.
एवढ्यावर आम्ही विषय नोंदवला.

शब्द ओजल सहारेचे. आवाजही तिचाच.
'तू गेलास, मी जेवून घेतलं',
ही ओळ ती स्वयंपाकघरात घोळवत होती
तर आई पोळी लाटता लाटता म्हणाली,
कोण गेला वं?

असल्या व्हिडिओत मोठी गाडी लागते.
आमच्याकडे निखतच्या मामूंची ओम्नी,
मागे बिर्याणीचे तीन डेग, धुतलेले, तरी वास.
बंपर इतक्या जवळून घेतला
की गाडी कुठली ते कळू नये.
केस उडायला लागतात, म्हणून कूलर,
हातगाडीवर, पानठेल्यावरून वायर ओढून.
मे महिना, रात्रीचे साडेनऊ,
फुटाळ्याकडचा रस्ता चपलेतून भाजत होता.
कूलरच्या जाळीतून पाणी उडालं,
ओजलच्या गालावर खसाचा एक तुकडा चिकटला.
तो फायनलमध्ये आहे. एक मिनिट बारा सेकंदांवर.
कुणाला दिसला नाही अजून.

मग नऊ किलोमीटर लांब जाऊन
मेट्रोच्या पुलाखाली उभे राहिलो.
वरून डबे जाताना खिडक्यांचा उजेड
तिच्या चेहऱ्यावरून घसरत जायचा.
चार सेकंद. मग काळोख.
मग पुढची गाडी येईस्तोवर शेंगदाणे.

आता पोस्टरचं.
इथून पुढे मी पुरवणीवर लिहितोय.

इतवारीत हेडाऊ काकांचं दुकान,
भिंतीला वाढदिवस टेकलेले, श्रद्धांजल्या टेकलेल्या,
सगळ्यांचे चेहरे सारखेच पिठूळ.
काका म्हणाले, पोरगी थोडी उजळ करून देऊन राहिलो,
सगळेच करतात, वेगळे पैसे नाही.
मी काही बोललो नाही.
रिपोर्टमध्ये आम्ही लिहिलंय, 'छपाईतील त्रुटी'.
ते खरं नाही, सर.
पेन ड्राइव्ह देण्याआधी, आदल्या रात्री,
रात्रीच्या फोटोत चेहरा उठून दिसावा म्हणून
मीच ती पट्टी दोन घरं उजवीकडे सरकवली होती.
काकांनी फक्त पुढची घरं चालवली.

कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला.
ओजल सायकल धरून बघत राहिली.
म्हणाली, मस्त आहे बे.
कोण आहे ही?
आणि रसवंतीकडे वळली.
आमच्याकडे तीन ग्लासांचे पैसे होते, आम्ही चौघं.
तिने अर्धा अर्धा करून दिला.

त्या रात्री मी सगळ्या फाइली पुन्हा उघडल्या.
पट्टी मागे आणली.
दोनदा लाइट गेली, पहाटे चारला रेंडर संपलं.
आता व्हिडिओ काळाच दिसतो बराचसा.
'प्रकाशयोजना अपुरी' असा तुमचा शेरा आलाय, लाल शाईत.
बरोबर असेल.
पण मेट्रो जाते तेव्हा ती दिसते, सर,
जशी वर्गात दुसऱ्या बाकावर दिसते.

तो फ्लेक्स प्राचार्यांनी उतरवायला लावला.
शिपायाच्या साडूने नेला,
धरमपेठेत त्याच्या पोह्याच्या ठेल्यावर छत म्हणून बांधला.
उन्हाने आधी पिवळा गेला, मग लाल.
आता ओजल निळी आहे,
गळ्याजवळ वाफेचा डाग, कानात सुतळी.

काल आम्ही तिथे खाल्लं.
तिने मान वर करून पाहिलं,
ओठ हलवले, ठोक्याच्या जरा मागून,
आणि तर्री अजून मागितली.