मेन कुठाय?

तासगावात, कोल्ड स्टोरेजच्या मागच्या गल्लीत,
वरच्या खोलीत माझं ऑफिस.
दोन स्टुलांवर टाकलेली एक फळी,
फळीवर लॅपटॉप, आणि आजपासून
दोन स्क्रीन.

डावी कोरी, चोवीस इंची.
उजवी विश्रामबागच्या बंद पडलेल्या क्लासमधून उचललेली,
खालच्या कडेला अजून चिकटलंय : आसन क्र. ११.
मधे हा हब. साबणाच्या वडीएवढा,
एक शेपूट लॅपटॉपमध्ये, अंगाला सहा तोंडं.

पुण्याहून साहेब म्हणाले, ठिबकचे नकाशे
एवढ्याशा पडद्यावर काढू नका मॅडम, चुकतं.
चुकलंच होतं. सावळजच्या एका बागेत
साठ ओळींचं पाणी मी एकाच व्हॉल्व्हवर टाकलं होतं.

जोडलं. डावी लागली.
उजवी म्हणाली, सिग्नल नाही.
वायरी बदलल्या. उजवी लागली,
डावी गेली.
एकीनं डोळा उघडला की दुसरीनं मिटायचा,
असं तासभर.

दस्तगीरचाचा आले ते वेगळ्याच कामाला.
पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायचा होता.
छत्तीस वर्षं बोर्डात वायरमन,
खिशाला अजून टेस्टर, लोक पेन लावतात तसा.
दारातच थांबले.
खांब चढावा तशी त्यांची नजर
एकेक वायर धरून वर गेली, खाली आली.
"याला मेन कुठाय?"

मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं.
"तो बिचारा स्वतःच बॅटरीवर. तो किती जणांना पोसणार?
डीपीला मेन नाही
आणि तू अख्ख्या गल्लीला कनेक्शन देऊन बसलीस."

अडॅप्टर खोक्यातच होता.
थर्मोकोलच्या खाली, पिशवीसुद्धा न फोडलेली.

लावला. दोघी एकदम उजळल्या,
पण दोघींत तेच. तीच बाग, तोच व्हॉल्व्ह,
माझी तीच चूक दोनदा.
"दोन टीव्ही आणि एकच मॅच," चाचा म्हणाले.
डुप्लिकेट काढून एक्स्टेंड केलं.
क्षणभर सगळं काळं.
मग पाइप एका कडेतून बाहेर पडून
दुसऱ्या कडेतून आत शिरला,
बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात जावा तसा.

बाण मात्र उजवीकडे ढकलला की भिंतीला थटायचा.
यंत्राच्या डोक्यात अकरा नंबर डावीकडे बसली होती.
तिला उठवून तिच्या जागी बसवलं.
मग उंची जुळेना.
मी यंत्रात वरखाली करत होते, चाचा फळीवर :
त्यांनी बेदाण्याचं रिकामं खोकं
तिच्या पायाखाली सारलं, एक डोळा मिटून लेव्हल बघितली.
"आता सोड."
बाण सरळ गेला.

मग त्यांचं काम.
अंगठ्याचं मशीन हबच्या पाचव्या तोंडात.
उजवा अंगठा, नाही. डावा, नाही.
तर्जनी, नाही.
तारांनी सगळ्या रेषा पुसून नेलेल्या.
शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली.
"हिनं कधी कामच केलं नाही," म्हणाले,
आणि तिच्याकडे जरा रागानंच बघितलं.

दाखला उघडला तो नेमका दोन्ही पडद्यांवर मिळून :
'दस्त' इकडे, 'गीर' तिकडे,
मधे दोन बोटं काळं प्लास्टिक.
त्यांनी त्या काळ्यावर बोट ठेवलं.
"इथं काय लिहिलंय?"
"काही नाही चाचा. कड आहे नुसती."
ते थोडा वेळ बोट ठेवून राहिले.

सव्वाचारला लाईट गेली.
चाचा तेव्हा जिना उतरत होते.
दोन्ही स्क्रीन विझल्या,
आणि तिकडची सगळी बिऱ्हाडं, बाग, व्हॉल्व्ह, हिशोबाच्या वह्या,
धडाधड इकडे आली, लॅपटॉपच्या एका खोलीत
एकावर एक.
सगळ्यात वर दाखला. आता सलग.

गल्लीतून त्यांचा आवाज आला,
कुणीही विचारलेलं नसताना :
"एक फेज गेलाय फक्त. येईल."