दोघांचं शून्य

पहाटे साडेचारला, त्रिएस्तेच्या धक्क्यावर,
आमची व्हॅन आणि त्यांची व्हॅन
पाठीला पाठ लावून उभ्या. मध्ये नऊ पावलं.
नऊला शिडांची शर्यत सुटणार
आणि अजून इकडचं तिकडे ऐकू जात नाही.

आमचा इंटरकॉम जुना. दोन तारा.
त्यांतूनच वीज, त्यांतूनच जाणं, त्यांतूनच येणं.
हेडसेट घातला की तुम्ही सगळ्यांत:
कोण खोकलं, कोणी पावाचा कागद उलगडला,
कोण घरच्या भांडणावर पुटपुटतंय.
चाळीस वर्षं आम्ही असे एकाच ताटात जेवतोय.

कोपरहून आलेल्या झ्देन्का ह्रोवातिनकडे चार तारा.
बोलायच्या दोन, ऐकायच्या दोन.
बटण दाबलं तर दार, नाहीतर भिंत.
"आमच्यात कुणाचं बोलणं कुणाच्या पायात येत नाही,"
ती म्हणते, इटालियनमध्ये,
शाळेत शिकलेल्या, माझ्याहून शुद्ध.

पेटी मी मांडीवर घेतो. बिस्किटांच्या डब्याएवढी.
तिच्या बाजूचा हेडसेट घालून म्हणतो: एक, दोन. एक, दोन.
माझाच आवाज परततो, किंचित कडवट होऊन,
रिकाम्या जिन्यातून यावा तसा.
पेटीचं काम इतकंच:
गेलेलं आणि आलेलं वेगळं ओळखायचं.
पहिला स्क्रू पाव वळसा.
दुसरा केसभर.
तिसरा उलटा, नाही, तेवढा नाही, पुन्हा.
मी मला कमी कमी ऐकू येत जातो.
पुरता नाहीसा झालो
तेव्हा लांबून, लाटभिंतीच्या टोकावरून, निवेसचा आवाज:
"कोण बडबडतंय मघापासून?"

आणि तिच्याखाली एक घुंई. जाड, न थकणारी.

आमची अर्थिंग धक्क्याच्या लोखंडी खांबाला,
त्यांची त्यांच्या जनरेटरला.
दोघंही म्हणतात, आमचं शून्य खरं.
मी मीटरची एक सुई इकडच्या शून्यावर ठेवतो,
एक तिकडच्या:
साडेतीन व्होल्ट.
झ्देन्का आकड्याकडे बघते, काही बोलत नाही.

माझ्या बापाचं आडनाव दोनदा बदललं,
एकदाही त्याला न विचारता.
त्याच्या घरातलं शून्य आणि शाळेतलं शून्य
यांच्यामध्ये किती व्होल्ट होते, कुणी मोजलं नाही.
तो फक्त रात्री झोपेत घुमायचा.

मग ट्रान्सफॉर्मर. माझ्याच खिशात होता,
किल्ल्या आणि दुखण्याच्या गोळ्यांमध्ये.
लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याची दोन वेटोळी,
एकमेकांना कुठेच न शिवणारी.
घुंई गेली.
शब्द मात्र जातात, कसे ते मला पुस्तकातून ठाऊक आहे
आणि तरी दर वेळी थोडं खोटं वाटतं.

सव्वाआठ. बोरा सुटलाय, शिडांच्या दोऱ्या खांबांवर वाजतायत.
निवेसने स्वतःला कठड्याला बांधून घेतलंय
आणि हेडसेट काढून गळ्यात टाकलाय:
या वाऱ्यात काही ऐकू येत नाही, ती फक्त लाल दिवा बघणार.
आणि दिवाच पार होत नाही.
आमच्यात तो तारेवर चढवलेल्या दाबाने पेटतो;
आणि ट्रान्सफॉर्मर थरथरणारं सोडतो,
एकसारखं दाबून धरलेलं अडवतो.
(कितीतरी माणसांना हे आधी कळायला हवं होतं.)
जोडायला रिले हवा. रिले उदिनेच्या गोदामात.

"मग?" झ्देन्का विचारते.
मी व्हॅनच्या पायरीवर बसतो,
कानाला तिचे चार, अंगठ्याखाली आपले दोन.
"तुला निवेस हवी असली की मला सांग. मी दिवा लावीन."
ती पेटीकडे बघते, माझ्याकडे बघते,
कॉफीचा अर्धा कप माझ्या गुडघ्याशी ठेवते
आणि आपल्या व्हॅनमध्ये चढते.

नऊला दोन मिनिटं कमी.
"निवेस," कानात.
मी अंगठा दाबतो.
दीड किलोमीटरवर काहीतरी लाल झालं असणार.
कठड्यावर हात सरकवत तिने हेडसेट उचलला असणार.

आधी वारा येतो.
मग ती.