उभी काच

बसस्टँडकडून मंडी बाजारात वळलं
की आमच्या स्टुडिओची शोकेस लागते.
पाच फूट उंच, दीड फूट रुंद.
अप्पांनी करून घेतली होती
नवरा-नवरीच्या उभ्या फोटोंसाठी.
लोक थांबायचे,
आपण लागलोय का बघायचे.
पुढे फोटो फोनात राहायला गेले
आणि आत उरल्या चार चुका,
मखमलीवर फ्रेमांचे गडद चौकोन.

मैथिली म्हणाली, काका, काच उभी आहे,
चढणारं काहीतरी ठेव.
शेजारचे शेख टेलर दोरा तोडत म्हणाले,
"पाल ठेवायलास व्हय? विकत?
आमच्या माळवदाच्या घेऊन जा की पिशवीभर."

संभाजीनगरात, गल्लीच्या टोकाला तौसिफचं दुकान.
त्यानं आधी विचारलं,
"दाखवायचीय, का सांभाळायचीय?"
मला फरक कळला नाही.
मी शोकेसचं माप सांगितलं.

शॅमेलिऑनचा एक डोळा माझ्यावर होता,
दुसरा गल्ल्यावर.
"ह्याला काच नको. स्वतःलाच बघून भांडत बसतो,
झुरून काळा पडतो."
काचेत स्वतःला बघून हरखलेलीच माणसं
मी जन्मभर बघितली होती.

इग्वाना तळहाताएवढा.
"चार वर्षांत ह्या पोरीएवढा होईल. मग?"

एक हिरवीकंच, पाठीवर कुंकवाचे ठिपके,
भर दिवसा काचेवर सरसर.
मैथिलीनं किंमत वाचली
आणि हात मागे बांधले.

शेवटी एक तपकिरी,
वाळल्या पानासारखी फांदीला चिकटलेली.
पापण्या नाहीत, पण डोळ्यांवर पापण्यांची झालर;
डोळा जिभेनंच पुसते.
(अप्पा लेन्स पुसायचे
आधी फुंकर, मग सदऱ्याचं टोक.)
"हिची शेपूट एकदा गेली की गेली.
आपल्या पालीसारखी परत येत नाही.
दिवसा झोपते. रात्री चढते."
मग दिवसा लोकांना काय दिसणार?
"फांदी."
तो हसला नाही.
"आणि मे महिन्यात काय करणार?
अठ्ठावीसच्या वर हिला सोसत नाही."

अठ्ठावीस.
आमच्याकडे तेवढं तर पहाटे असतं.
दुपारी बेचाळीस, वर लाईट गेलेली,
आणि शोकेसचं तोंड पश्चिमेला.
परतताना मांडीवर रिकामा डबा होता.
मनात पाल चुकचुकत होती,
एवढीच काय ती घरी आली.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.
मोतीबिंदूनंतर ते आवाजाकडे बघतात.
मग बनियनच्या खिशातून
एक किल्ली काढून पुढे धरली.

डार्करूम.
दोन हात रुंद दगडी भिंत, खिडकी नाही.
बारा वर्षं कुलूप.
आत शिरलो तर अंगावर गारवा आला,
हायपोचा आंबूस वास अजून तसाच.
आम्ही सात दिवस धुतली ती खोली,
वास जाईपर्यंत, मग आणखी सात.
जून अर्धा सरल्यावर शोकेस आत नेली,
चौघांनी उचलून, आडवी करून.
कडुलिंबाची फांदी, पोथोसचा वेल, ओला नारळाचा काथ्या.
तौसिफच्या मामाचा जुना कूलर, शेख टेलरांचं इन्व्हर्टर.
मग एकदाची ती आली, कागदपत्रांसकट.

बाजारात आता शोकेसच्या जागी
भिंतीवर एक स्वच्छ, उभा चौकोन आहे.
लोक विचारतात, "काय ठेवलंय म्हणे तुम्ही?"
काय सांगणार.

रात्री साडेदहाला
आम्ही तिघं आत स्टुलांवर बसतो.
जुना लाल बल्ब.
आधी काहीच नसतं.
नुसता काळोख, काचेत आमचीच तीन डोकी.
मग फांदीची एक कड.
मग पानावर पान नसलेलं काहीतरी.
मैथिली कुजबुजते, "कुठंय? मला दिसंना."

अप्पांना तर काहीच दिसत नाही.
त्यांचे दोन्ही हात मात्र हवेत,
अदृश्य ट्रे धरून
हळूहळू हलवतायत, इकडून तिकडे.
"घाई करू नको," म्हणतात.
"येऊ दे. येतंय."